नोकरीच्या जागी ख्रिस्ती म्हणून कसं राहावं: खानदेशात नव्याने कामाला लागणाऱ्यांसाठी

जळगाव एमआयडीसीतली चटईची कंपनी, भुसावळचं रेल्वे शेड, धरणगावची कापसाची जिनिंग, नंदुरबारची मिरची वाळवायची पथारी, एखादी जिल्हा परिषदेची शाळा. नवापूर तालुक्याचा भाग सोडला, तर खानदेशात कामाच्या जागी ख्रिस्ती माणूस बहुतेक वेळा एकटाच किंवा दुकटाच असतो. त्यामुळे तो उशिरा आला तर 'हे ख्रिस्ती लोक उशिरा येतात' असं होतं. हे न्याय्य नाही, पण आहे हे असंच आहे.

नवा माणूस सुरुवात बहुधा उलटीकडून करतो. पहिल्याच आठवड्यात टेबलावर वचनाचं कॅलेंडर येतं, मोबाइलला गीताची रिंगटोन लागते आणि हजेरी मात्र दहा वाजून वीस मिनिटांनी. आधी वेळ, मग वजन आणि पैसा, मग सणवार, आणि बोलणं सगळ्यांत शेवटी, हा क्रम धरा. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत.

१. रुजू होण्याआधी रविवारचं बोलून घ्या

आठवड्यातून एक सुटी कायद्याने मिळते, पण ती रविवारीच मिळेल असं नाही. दुकानांत आणि पाळीच्या कारखान्यांत ती दुसऱ्या वारी असू शकते. म्हणून पगार ठरतानाच विचारा: साप्ताहिक सुटी कोणत्या वारी, पाळी किती दिवसांनी बदलते, पाळीची अदलाबदल कोणाच्या सहीने होते. रुजू झाल्यावर महिनाभराने 'आमच्यात रविवारी चालत नाही' म्हणणं शेठला फसवणुकीसारखं वाटतं, आणि त्याचं फारसं चुकतही नाही.

रविवार मिळतच नसेल तर दोन वाटा आहेत. उपासना सकाळी असेल आणि तुमची पाळी दुपारची असेल, तर प्रश्न मिटला. नसेल तर महिन्यातला किमान प्रभूभोजाचा रविवार अदलाबदलीने मिळवा. बाकीच्या रविवारांसाठी पाळकांना सांगून संध्याकाळची किंवा आठवड्यातली संगती ठरवा. उपासना वारंवार चुकायला लागली की माणूस चार-सहा महिन्यांत मंडळीतून, म्हणजे चर्चमधून, हळूच गळतो, आणि ते त्याच्या स्वतःच्याही लक्षात येत नाही.

सणांच्या सुट्यांचं गणित जरा बारकाईने समजून घ्या. महाराष्ट्रात उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) आणि नाताळ या सरकारी सुट्या आहेत, त्यामुळे शाळा, बँक, सरकारी कचेरीत अडचण नाही. खासगी दुकानं आणि कार्यालयांसाठी २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे. ठरावीक संख्येइतके किंवा जास्त कामगार असतील तिथे तो लागू होतो आणि वर्षाला ८ पगारी सणसुट्या देतो. त्यातल्या चार ठरलेल्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगार यांनी वर्ष सुरू होण्याआधी मिळून ठरवायच्या असतात. म्हणजे उत्तम शुक्रवारची सुटी मार्चमध्ये मागून उपयोग नाही. आदल्या डिसेंबरातच शब्द टाकावा लागतो. ती यादीत बसली नाही तर किरकोळ रजेतला एक दिवस त्यासाठी आधीपासून बाजूला ठेवा.

उत्तम शुक्रवारची तारीख दर वर्षी हलते, २० मार्च ते २३ एप्रिल यांच्या दरम्यान कुठेही येते. २०२७ मध्ये ती २६ मार्चला आहे, म्हणजे ऐन वर्षअखेरीच्या हिशेबात. २०२८ मध्ये १४ एप्रिलला, आंबेडकर जयंतीच्याच दिवशी. वर्षअखेर आणि सण एकत्र आले तर पूर्ण दिवसाऐवजी दुपारी १२ ते ३ एवढाच वेळ मागा, कारण बऱ्याच ठिकाणी उपासना तेवढीच असते, आणि सकाळ-संध्याकाळ काम करून द्या. ईस्टरची उपासना पहाटे असते, तेव्हा शनिवारची रात्रपाळी आधीच बदलून घ्या. नाताळ कापसाच्या आणि उसाच्या ऐन हंगामात येतो. त्या रजेचा अर्ज नोव्हेंबरमध्येच द्या.

अर्जासोबत काहीतरी देऊही करा: 'दसरा आणि लक्ष्मीपूजनाला मी थांबतो, नाताळच्या आदल्या संध्याकाळी मला सोडा.' दिवाळीत गेट सांभाळायला तयार असलेला माणूस प्रत्येक सुपरवायझरला हवाच असतो.

सालदारांसाठी, म्हणजे वर्षाच्या करारावर शेतात राबणाऱ्यांसाठी, हे सगळं आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरतं. सालाची रक्कम, धान्य, उचल (आगाऊ पैसे) यांचं बोलणं होतं त्याच बैठकीत रविवारचे तीन तास मागून घ्या. गुरांचं चारापाणी आणि धार रविवारीही चुकत नाही. पहाटे गोठा उरकून उपासनेला जाणं आणि दुपारी परत येणं, असं सरळ सांगितलं की मालकाला पटतं. आखाजी गेली की वर्षभर तोंड उघडायला जागा राहत नाही.

२. पहिले तीन महिने: फक्त काम

या काळात धर्माविषयी स्वतःहून एक शब्द बोलू नका. कोणी विचारलं तर 'हो, ख्रिस्ती आहे' एवढंच. लपवायचं नाही आणि मिरवायचंही नाही.

कलस्सैकरांस ३:२३ पुष्कळांना पाठ असतं. त्याच्या आधीचं वचन मात्र वाचायचं राहतं, आणि ते लिहिलं आहे दासांना: धनी बघतो तेवढ्यापुरतं काम करू नका. व्यवहारात याचा अर्थ साधा आहे. दुसऱ्याची हजेरी लावायची नाही, स्वतःची लावून घ्यायची नाही. पाळी संपताना मशीन पुसून, कचरा काढून, पुढच्याला बिघाड सांगून निघायचं. रजिस्टरमध्ये जे मोजलं तेच लिहायचं. बॉयलरचं किंवा तापमानाचं रीडिंग खोलीत बसून भरण्याची सवय सगळीकडे आहे, आणि ती मोडणारा पहिल्या आठवड्यातच उठून दिसतो.

प्रार्थना कामाच्या वेळेत करायची नाही. तो वेळ मालकाने विकत घेतलेला आहे. घरून निघण्याआधी दहा मिनिटं काढा: एक स्तोत्र, आज हातात येणारी दोन-तीन कामं, आणि ज्याच्याशी खटका उडतो अशा एका माणसाचं नाव. हे नाव सोडू नका. ज्याच्यासाठी सकाळी मागितलं त्याच्यावर दुपारी ओरडणं अवघड जातं. कामाच्या मध्ये नहेम्याची रीत पुरते (नहेम्या २:४). राजाच्या समोर उभं राहून त्याने मनातल्या मनात मागितलं आणि लगेच उत्तर दिलं. डोळे मिटायची गरज नाही. चालू जिनजवळ किंवा पट्ट्यापाशी तर मुळीच मिटू नका.

३. वजन, पावती, पैसा

खरी परीक्षा इथे होते. खानदेशातला बराच रोजगार कुठल्या ना कुठल्या काट्यापाशी येऊन थांबतो: कापूस, केळी, मका, मिरची, डाळ, सोनं. खोट्या तराजूविषयी नीतिसूत्रे ११:१ स्पष्ट आहे. आणि लूक ३:१२-१४ नव्या माणसाने जरूर वाचावं. जकातदार आणि शिपाई बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे येऊन 'आम्ही काय करावं' असं विचारतात, तेव्हा तो त्यांना नोकरी सोडायला सांगत नाही. ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका, जुलूम करू नका, पगारात भागवा, असं सांगतो.

कोणती कपात खरी आणि कोणती चोरी, हे आधी ओळखता आलं पाहिजे. सरकारी कापूस खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण भाव मिळतो, ८ ते १२ टक्क्यांमध्ये त्या प्रमाणात कमी होतो, त्यावर ओला माल घेत नाहीत. मीटर लावून १० टक्के आला आणि तेवढीच कपात झाली, तर तो व्यवहार आहे. मीटर न लावता प्रत्येक गाडीला सरसकट कडता (वजनातली कपात) लावला, तर ती लूट आहे. केळीत दांड्याची जी कपात ठरली असेल तेवढीच करायची. सराफी पेढीवर मोडीच्या सोन्यात घट किती धरली ते पावतीवर लिहायचं. पथारीवर मिरची खुडणाऱ्या बायकांना वजनावर मजुरी मिळते. तिथे काट्यावरचा आकडा त्यांना दिसेल असा ठेवायचा. चोरी दुसऱ्या बाजूनेही होते: कापसावर पाणी मारून आणणारा शेतकरी आपल्या मंडळीतला असला, तरी मीटर त्यालाही लागतो.

शेठने किंवा मुनिमाने खोटं लिहायला सांगितलं, तर या क्रमाने जा:

पहिल्यांदा नीट विचारून घ्या. 'ही कपात कशाची लिहू?' या एका प्रश्नानेच पुष्कळदा गोष्ट थांबते, कारण उत्तर मोठ्याने द्यावं लागतं.

मग एकट्यात बोला. हमालांसमोर किंवा शेतकऱ्यासमोर कधीच नाही. 'आप्पा, हे माझ्या हातून लिहिलं जाणार नाही. दुसरं कितीही काम सांगा.' एवढं म्हणून थांबा. शेठच्या पापाविषयी एक वाक्यही नको.

नंतर पर्याय ठेवा. दानीएलाने नुसता नकार दिला नाही. दहा दिवस करून पाहा, असं कारभाऱ्याला सुचवलं (दानीएल १:१२). तसं तुम्हीही सुचवू शकता: दहा दिवस प्रत्येक गाडीला ओलाव्याचा आकडा टाकून पावती देऊ, मग गाड्या कमी होतात की वाढतात ते बघू. पावती देणाऱ्या काट्याकडे गाड्या वळायला वेळ लागत नाही. कधी शेठ ऐकतोही.

ऐकलं नाही तर दुसऱ्या कामावर बदली मागा. तीही नाही मिळाली तर नवी नोकरी शोधायला लागा, पण हातातली सोडण्याआधी. घरात चूल एकाच्या पगारावर चालत असेल तर तावातावाने राजीनामा फेकणं हा विश्वास नव्हे. मात्र मधल्या काळात तुमच्या सहीने खोटा आकडा जाता कामा नये; गुन्हा सही करणाऱ्याच्या अंगावर येतो आणि शेठ तेव्हा ओळख दाखवत नाही.

लाचेचं गणित वेगळं आहे. २०१८ पासून लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. बळजबरीने द्यावी लागली असेल तर ७ दिवसांच्या आत तक्रार केली तरच संरक्षण मिळतं. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा फुकट क्रमांक १०६४ आहे. 'चहापाणी' मागणाऱ्याला चहाच पाजा, अगदी खरोखर, कँटीनमध्ये नेऊन. कागद पूर्ण असतील आणि पोच घेतलेली असेल तर निम्मी अडवणूक आपोआप सुटते. घाईने अर्धवट फाइल नेणारा माणूस लाचेला स्वतःच जागा करून देतो.

आता हाताखाली माणसं असणाऱ्यांसाठी, कारण मुकादम आणि ठेकेदार उपासनेत पुढच्या बाकावर बसतात आणि हा विषय टाळतात. मजुराची मजुरी रात्रभर स्वतःजवळ ठेवू नये, असं लेवीय १९:१३ आणि अनुवाद २४:१५ सांगतात. याकोब ५:४ मध्ये अडवलेली मजुरी ओरडते. नंदुरबार-धुळ्याकडून गुजरातेत बारडोली-सुरतेच्या बाजूला उसाला जाणाऱ्या टोळीचा मुकादम ख्रिस्ती असेल, तर निदान एवढं त्याने करावं: प्रत्येक कोयत्याची (ऊस तोडणाऱ्या जोडप्याची) वेगळी वही, उचल किती दिली ते दोघांसमोर वाचून, कोऱ्या कागदावर अंगठा नाही, रोज भरलेल्या टनांची नोंद त्याच संध्याकाळी, आणि बाळंतीण किंवा आजारी बाईचा खाडा कापताना निर्लज्जपणा नको. मजूर असाल तर स्वतःची वही स्वतः ठेवा. लिहिता येत नसेल तर पोराकडून लिहून घ्या. आणि एक सांगायचं म्हणजे, उचल हे कर्ज आहे. त्यातून दशमांश (मंडळीला द्यायचा दहावा हिस्सा) काढायची घाई नको. हिशेब फिटून हातात उरेल त्यावर बघा. कोणी पाळक उचलीवर हक्क सांगत असेल तर तो चुकतो.

४. पूजा, प्रसाद, वर्गणी

दसऱ्याला मशीनची पूजा, दिवाळीत वहीपूजन, अधूनमधून ऑफिसात सत्यनारायण, भाद्रपदात गणपतीची वर्गणी. हे येणारच आहे, तेव्हा त्या दिवशी भांबावून जाण्यापेक्षा आधी ठरवा. मंडळ्यांमंडळ्यांत यावर मतभेद आहेत. पाळकांशी बसून १ करिंथकरांस ८ आणि १० हे अध्याय वाचा. २ राजे ५:१८-१९ ही वाचा. तिथे अरामी सेनापती नामान धन्याबरोबर रिम्मोन देवाच्या देवळात जावं लागेल म्हणून आधीच क्षमा मागतो आणि संदेष्टा अलीशा त्याला शांतीने जायला सांगतो.

आमचं मत असं. जागा झाडणं, खुर्च्या मांडणं, चहा वाटणं, मागे गप्प उभं राहणं यात अडचण नाही. आरती करणं, पूजेला बसणं, नारळ फोडणं आपलं नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपलं मशीन सगळ्यांत चकचकीत आपणच पुसावं, वंगण द्यावं, आणि हार घालायचं काम सहकाऱ्याला द्यावं. पूजेला बसायला आपलंच नाव निघेल असं वाटत असेल तर आठ दिवस आधी साहेबांना भेटा. ऐन वेळी नकार दिला तर तो त्यांच्या देवाचा अपमान ठरतो.

प्रसादापाशी सगळ्यात जास्त घोटाळे होतात. घेऊन कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकणं सगळ्यांत वाईट. कोणीतरी बघतंच, आणि मग ते वर्षानुवर्षं विसरलं जात नाही. 'शुगर आहे' हेही नको. ते खोटं आहे आणि चार वाजता दोन चमचे साखरेच्या चहाला पकडलं जातं. घेत नसाल तर हात जोडून, हसून, एका वाक्यात: 'भाऊ, मी प्रसाद घेत नाही, राग मानू नका.' 'का बरं भो?' असं कोणी विचारलंच तर 'आमच्यात तसं आहे, निवांत सांगेन' म्हणून पुढच्या कामाला लागा. तिथेच मूर्तिपूजेवर प्रवचन देणारा माणूस पुढच्या दहा वर्षांची दारं बंद करतो.

दिवाळीचा फराळ घरून आलेला असतो, तो प्रसाद नव्हे. मनापासून खा आणि डबा रिकामा परत करू नका. नाताळला तुमच्याकडूनही फराळ गेला पाहिजे, आणि साहेबांच्या टेबलाआधी तो वॉचमन आणि सफाईवाल्यापर्यंत पोहोचला पाहिजे. डबा रोज एकत्र बसून खा. भरीत-भाकरी कोणाची आहे हे न बघता. वर्गणी मागायला आले तर सरळ नाही म्हणू नका; महाप्रसादाऐवजी वह्यावाटप, रक्तदान असं काही असेल तर त्यात द्या आणि पावती घ्या. सकाळी कोणी 'राम राम' केलं तर 'राम राम' म्हणा किंवा 'नमस्कार' म्हणा; तोंड वळवू नका.

५. मग बोलणं

कोणीतरी स्वतःहून विचारेल. तेव्हा दोन मिनिटांत सांगता येईल एवढी साक्ष तयार ठेवा: आधी काय होतं, ख्रिस्त कसा कळला, आता काय बदललं. तिसरा भाग समोरच्याने डोळ्यांनी पाहिलेला असतो, तो लांबवू नका. १ पेत्र ३:१५ उत्तर द्यायला सांगतं, आणि सौम्यतेने द्यायला सांगतं. वेळ जेवणाच्या सुटीतली किंवा गेटबाहेरची.

काही मर्यादा पक्क्या पाळा. हाताखालच्या माणसाशी विश्वासाचा विषय तुम्ही काढू नका. त्याला 'नाही' म्हणता येत नाही. नोकरी, उसने पैसे, औषध, शाळेतला प्रवेश यांतलं काहीही विश्वासाशी कधीच जोडू नका. संविधानाच्या २५ व्या कलमाने धर्म पाळण्याचा आणि सांगण्याचा हक्क दिला आहे, तो दबाव किंवा आमिष दाखवण्याचा नाही. आणि आपल्याकडे यावरून गावंच्या गावं तापतात. पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, म्हणून जिल्हा परिषदेच्या शिक्षकाने वर्गात तो विषय आणू नये. ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वचनं टाकू नका. दुसऱ्याच्या देवाची टिंगल तर एकट्यातही नको.

नर्स आणि आशाताईंसाठी खास. रोग्याने मागितली तरच प्रार्थना, ड्युटीचं काम संपल्यावर, अर्ध्या मिनिटाची, नातेवाइकांना विचारून. बरं होईल असं वचन देऊ नका. सिकलसेल आणि टीबीच्या गोळ्या बंद करायला किंवा 'आता गरज नाही' असं म्हणायला कधीही जाऊ नका. नंदुरबारकडे सिकलसेलचे रुग्ण बरेच सापडतात, आणि गोळ्या सुटल्या की दुखणं उलटून येतं.

६. भांडण, दारू, चहाडी

कोणाशी खटकलं तर मत्तय १८:१५ प्रमाणे आधी त्याच्याशीच, एकट्यात. साहेबांकडे नंतर. पगाराच्या दिवशी बाटली निघते तिथे बसू नका, पण रात्री उशिरा झिंगलेल्याला घरी सोडायची वेळ आली तर सोडा आणि दुसऱ्या दिवशी त्याची गोष्ट कोणाला सांगू नका.

७. एकटे राहू नका

त्याच एमआयडीसीत किंवा रेल्वे कॉलनीत आणखी एक-दोन विश्वासी असतात. आठवड्यातून एकदा, कामाच्या वेळेबाहेर, अर्धा तास भेटा. आवारात बसणार असाल तर परवानगी घ्या. बोलायचं ते नेमकं: या आठवड्यात कुठे खोटं लिहावं लागणार होतं, कोणावर चिडलो, कोणाचं देणं राहिलं. दोन गीतं गाऊन उठलात तर भेट वाया गेली. उसाच्या पडावावर जाणाऱ्यांनी निघण्याआधी पाळकांचा नंबर दोन जणांच्या मोबाइलमध्ये ठेवावा आणि तिकडच्या जवळच्या मंडळीचं ठिकाण विचारून घ्यावं.

८. नोकरी सोडताना

नोटिशीचा कालावधी पूर्ण करा. उचल, कँटीनची उधारी, सहकाऱ्याकडून घेतलेले पन्नास रुपये फेडा. आधी कधी माप मारलं असेल किंवा खोटं बिल लावलं असेल आणि ते आता टोचत असेल, तर जकातदार जक्कयाने चौपट परत देतो म्हटलं होतं (लूक १९:८). निदान मूळ रक्कम तरी ज्याची त्याला, नाव सांगून द्या. ज्याचा पत्ताच नाही असा शेतकरी असेल तर पाळक आणि आणखी एका माणसाशी बोलून ती रक्कम कुठे द्यायची ते ठरवा. किल्ल्या, रजिस्टर, गणवेश, ओळखपत्र यांची पोच घ्या. जागेवर येणाऱ्या नव्या माणसाला दोन दिवस सोबत बसवून कामातल्या खाचाखोचा दाखवा, आणि अनुभवाचा दाखला शेवटच्या दिवशीच हातात मागून घ्या. नंतर त्यासाठी चकरा मारायला लागतात.